परदेशातील भाड्याचे घर: आगाऊ रक्कम भरण्याचा सुरक्षित मार्ग कसा निवडावा

जानेवारी उजाडला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या घराघरांत मे महिन्याच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. आजी-आजोबा, दोन भावांची कुटुंबे आणि मुले असे आठ-दहा जण एकत्र परदेशी निघाले, की कुणाचा उपवास असतो, कुणाला सकाळचा चहा आपल्या हातचाच लागतो, लहानग्याला वरणभाताशिवाय चालत नाही. अशा वेळी हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेले एखादे घर भाड्याने घेणे सोयीचे आणि पुष्कळदा स्वस्तही पडते. अडचण येते ती पैसे भरताना. घर रोममध्ये किंवा बालीत असते, मालकाला कधी पाहिलेले नसते, किल्ली हातात पडायला चार महिने असतात आणि रक्कम मात्र आज मागितली जाते. या चार महिन्यांत आपले पैसे कुणाच्या ताब्यात राहणार आणि काही बिघडलेच तर ते परत मिळवून देण्याचा अधिकार कुणाकडे असणार, हे दोन प्रश्न पैसे भरण्याच्या प्रत्येक मार्गाला विचारावेत. कोणते ॲप चांगले आणि कोणत्या कार्डावर जास्त पॉइंट मिळतात, हे नंतर पाहता येते.

हे दोन प्रश्न इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी बँका फसवणुकीकडे कसे पाहतात ते आधी लक्षात घ्यावे लागते. तुमच्या नकळत कुणी तुमच्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे काढले, तर तो अनधिकृत व्यवहार ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अशा व्यवहारांतली ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आणि चूक ग्राहकाचीही नाही व बँकेचीही नाही अशा प्रकरणांत, व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार टाकायचा नाही, असे ठरवले. मात्र खोट्या मालकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवून तुम्हीच त्याचे खाते लाभार्थी म्हणून जोडले, तुम्हीच ओटीपी टाकला आणि तुम्हीच रक्कम पाठवली, तर फसवणूक होऊनही बँकेच्या लेखी तो व्यवहार अधिकृत राहतो आणि या परिपत्रकाचे संरक्षण त्याला लागू होत नाही. ‘पैसे बँकेतून गेले आहेत, नोंद आहे, म्हणजे परत मिळतील’ असा भरवसा बाळगणारी माणसे आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. ती नोंद तक्रार करताना उपयोगी पडते, पण तिच्यामुळे परताव्याचा हक्क मिळत नाही.

दहा टक्के सवलतीचा निरोप

समजा, ऐरोलीतल्या एका कुटुंबाने एका नामांकित बुकिंग संकेतस्थळावर रोममधले एक घर निवडले आहे आणि चार रात्रींचे भाडे ९०० युरो आहे. त्यांनी विचारणा केल्यावर मालकाकडून असे उत्तर येते: ‘या तारखांना घर मोकळे आहे. संकेतस्थळ आमच्याकडून फार कमिशन घेते, म्हणून थेट खात्यात रक्कम भरल्यास मी दहा टक्के सूट देईन. माझ्या पासपोर्टची प्रत आणि करारनामा सोबत जोडला आहे. आणखी एका कुटुंबाची विचारणा आहे, तेव्हा उद्यापर्यंत रक्कम पाठवावी. पुढचे बोलणे व्हॉट्सॲपवर करू.’

या निरोपातले प्रत्येक वाक्य विचारपूर्वक लिहिलेले असते. संकेतस्थळे मालकांकडून कमिशन घेतात हे खरेच आहे, त्यामुळे सुरुवात पटते. पासपोर्टची प्रत पाहून मन निर्धास्त होते, परंतु ती याच पद्धतीने फसलेल्या आधीच्या एखाद्या पर्यटकाची असू शकते, कारण ‘ओळख पटवण्यासाठी’ म्हणून त्याच्याकडूनही ती मागून घेतलेली असते. करारनामा कुणीही संगणकावर तयार करू शकतो. ‘उद्यापर्यंत’ या शब्दाने विचार करायला आणि कुणाला विचारायला उसंत मिळत नाही. व्हॉट्सॲपवर जाण्याचे निमंत्रण यांत सर्वांत घातक आहे, कारण तिथे गेल्यावर संकेतस्थळाकडे संभाषणाची नोंद उरत नाही, पैसेही त्यांच्यामार्फत गेलेले नसतात आणि तक्रार केली तर ‘हा व्यवहार आमच्याकडे झालेलाच नाही’ हे त्यांचे उत्तर नियमाला धरून असते.

आता पैशांचा हिशेब मांडू. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरले, तर भाडे ९०,००० रुपये होते. क्रेडिट कार्डाने भरल्यास बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावते. तो ३.५ टक्के धरला तर ३,१५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५६७ रुपये, म्हणजे एकूण ३,७१७ रुपये जास्तीचे जातात. मालकाची सूट ९,००० रुपयांची आहे. दोन्ही मिळून थेट भरण्यात साधारण साडेबारा हजार रुपयांची बचत दिसते आणि परदेशी हस्तांतरणाचा बँकेचा आकार वजा केल्यावर ती आणखी कमी होते. एवढ्या बचतीसाठी ८१,००० रुपये कोणत्याही आधाराविना अनोळखी खात्यात टाकायचे आहेत. मार्कअप म्हणजे वायफळ खर्च असे अनेकांना वाटते. माझ्या मते, परताव्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी मोजलेली ती रास्त किंमत आहे.

थेट बँक हस्तांतरण

परदेशातील खात्यात रक्कम पाठवायची, तर नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या आपल्या शाखेत किंवा नेट बँकिंगवर ए-२ फॉर्म भरावा लागतो, पॅन द्यावा लागतो आणि रक्कम कशासाठी पाठवत आहोत ते नमूद करावे लागते. हा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धन-प्रेषण योजनेखाली, म्हणजे बँकेत ज्याला सगळे ‘एलआरएस’ म्हणतात त्याखाली मोडतो. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम त्याखाली पाठवता येते. एवढी कागदपत्रे तपासली गेल्यामुळे मालकाचीही तपासणी झाली असावी असा समज होतो, पण तसे काही झालेले नसते. बँक पाहते ती तुमची ओळख आणि परकीय चलन नियमांचे पालन. समोरचा माणूस त्या घराचा मालक आहे की नाही हे तपासणे तिच्या कामात येतच नाही.

रक्कम बहुधा स्विफ्टमार्फत जाते. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था बँकांमध्ये सुरक्षित संदेशांची देवाणघेवाण करते. प्रत्यक्ष पैसे बँकांच्या परस्परांकडील खात्यांतून, कधी एखाद-दोन मध्यस्थ बँकांतून पुढे सरकतात. रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली, की ती मागे घेण्यासाठी तुमची बँक फक्त विनंतीचा संदेश पाठवू शकते आणि खातेदाराने संमती दिली नाही किंवा खाते रिकामे केलेले असले, तर ती विनंती तिथेच संपते. ब्रिटनमध्ये २०२० पासून आणि युरो क्षेत्रात ऑक्टोबर २०२५ पासून खातेदाराचे नाव आणि खाते क्रमांक जुळतात का, हे रक्कम पाठवण्यापूर्वीच दाखवण्याची व्यवस्था आली आहे. ती तिथल्या आपसांतील हस्तांतरणांसाठी आहे, त्यामुळे भारतातून स्विफ्टने पाठवलेल्या रकमेला तिचा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. थोडक्यात, ‘मालकाचे नाव मी अचूक लिहिले होते’ यात फारसे संरक्षण नाही.

तरीही एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. युरोपात बँक हस्तांतरण ही रोजच्या व्यवहाराची रीत आहे. टस्कनीतले शेतघर चालवणारे दांपत्य किंवा स्वित्झर्लंडमधल्या खेड्यात वरच्या मजल्यावरचे घर भाड्याने देणाऱ्या आजी कार्डाचे यंत्र बाळगत नसतील आणि अगदी सरळ मनाने खाते क्रमांक पाठवत असतील. म्हणून खाते क्रमांक मागितला म्हणजे माणूस लबाड, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा वेळी खातरजमा करण्याचे काम आपल्यावर येते आणि ते वेळ देऊन करावे लागते.

खाते क्रमांकापासून सुरुवात करावी. युरोपातील खात्याला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, असतो आणि त्याची पहिली दोन अक्षरे देश सांगतात. इटलीसाठी आयटी, स्पेनसाठी ईएस, जर्मनीसाठी डीई, लिथुआनियासाठी एलटी. घर रोममध्ये, मालक जन्मापासून रोमकर आणि आयबॅन मात्र एलटीने सुरू होणारा, असे दिसले तर थांबून कारण विचारावे. काही ऑनलाइन बँकांची खाती लिथुआनियात असतात, त्यामुळे कारण प्रामाणिकही असू शकते, पण ते पटण्याजोगे असले पाहिजे. आयबॅनमधले पुढचे दोन अंक तपासणीचे असतात आणि त्यांवरून क्रमांक लिहिताना चूक झाली आहे का एवढेच कळते, त्यामुळे ‘आयबॅन बरोबर आहे’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळावरून खातेदाराविषयी काहीही सिद्ध होत नाही. खातेदाराचे नाव, करारातले नाव आणि जाहिरातीतले नाव एकच असावे. मालकाला फोन करायचा तो त्याने दिलेल्या क्रमांकावर करू नये. त्या गावाच्या अधिकृत पर्यटन कार्यालयाच्या यादीत घर असेल, तर तिथला क्रमांक घ्यावा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगावे आणि बोलता बोलता ‘खिडकी उघडून समोरचा रस्ता दाखवता का?’ अशी साधी विनंती करावी. जाहिरातीतले फोटो गुगल लेन्सवर टाकून तेच घर वेगळ्या शहराच्या नावाने आणखी कुठे झळकते आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. एवढे केल्यानंतरही संपूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. वीस-तीस टक्के आधी आणि बाकीची किल्ली मिळाल्यावर, ही मागणी प्रामाणिक मालकाला खटकत नाही.

क्रेडिट कार्ड आणि चार्जबॅक

कार्डाच्या व्यवहारात तुमची बँक आणि विक्रेत्याची बँक यांच्यामध्ये व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखे जाळे असते आणि त्या जाळ्याचे नियम दोन्ही बँकांना बांधून ठेवतात. ठरलेली सेवा मिळालीच नाही, तर तुमची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत मागू शकते. यालाच चार्जबॅक म्हणतात. बँक हस्तांतरणात नसलेली ही एक वाट कार्डात आहे आणि मी कार्डाला झुकते माप देते ते याच कारणासाठी.

मात्र तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. पहिली मर्यादा मुदतीची. साधारणपणे सेवा मिळायची होती त्या तारखेपासून १२० दिवसांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. तुमच्या बँकेचा अर्ज भरण्याची मुदत याहून कमी असू शकते, म्हणून वाट पाहू नये. दुसरी मर्यादा कारणाची. घर अस्तित्वातच नव्हते, मालकाने आयत्या वेळी नकार दिला, कबूल केलेला परतावा आला नाही, ही ठोस कारणे आहेत. गाद्या जुन्या होत्या किंवा समुद्र फोटोत होता तेवढा जवळ नव्हता, या तक्रारी सिद्ध करणे फार कठीण. आपण स्वतः बेत रद्द केला आणि बुकिंग विनापरतावा होते, तर चार्जबॅक मिळत नाही. तिसरी मर्यादा पुराव्याची. बुकिंगची पावती, रद्द करण्याच्या अटींचे त्या दिवशीचे छायाचित्र, आधी विक्रेत्याशी बोलून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केल्याचा पत्रव्यवहार, हे सगळे बँक मागते. दावा दाखल झाल्यावर काही बँका रक्कम तात्पुरती जमा करतात, पण समोरच्या बाजूने समाधानकारक पुरावा दिला तर ती पुन्हा वळती होते.

इंटरनेटवरचे इंग्रजी लेख वाचणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. ब्रिटिश लेखांत ‘कलम ७५’ चा उल्लेख वारंवार येतो. तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार १०० ते ३०,००० पौंड किमतीच्या खरेदीत विक्रेत्याबरोबर क्रेडिट कार्ड देणारी संस्थाही कायद्याने जबाबदार धरली जाते. भारतीय बँकेच्या कार्डाला हा कायदा लागू नाही. आपल्याकडे चार्जबॅक कार्डाच्या जाळ्याच्या नियमांवर चालतो, त्यामुळे तो मिळेलच असे धरून बसू नये.

आणखी एक फसवी जागा आहे. काही ॲपवर क्रेडिट कार्डाने पैसे भरून ते कुणाच्याही बँक खात्यात पाठवता येतात. कार्ड वापरले म्हणजे कार्डाचे संरक्षण मिळाले, असे इथे होत नाही. तुमच्या कार्डाचा विक्रेता ते ॲप असते, त्याची सेवा पैसे पोहोचवण्याची असते आणि ती त्याने पूर्ण केलेली असते. घर मिळाले की नाही याच्याशी त्याचा संबंध उरत नाही.

डेबिट कार्डालाही चार्जबॅकचे नियम बहुतांशी लागू होतात, पण वाद मिटेपर्यंत पैसे आपल्या बचत खात्यातून गेलेले असतात आणि क्रेडिट कार्डात ते बँकेच्या उधारीतले असतात. अनामत रकमेच्या बाबतीत हा फरक अधिक जाणवतो. घराच्या नुकसानीची हमी म्हणून ३०० युरो कार्डावर रोखून ठेवले, तर क्रेडिट कार्डाची फक्त मर्यादा तेवढ्याने कमी होते, पण डेबिट कार्डावर किंवा आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डावर तेवढे खरे पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला कधी कधी आपण मुंबईला परत आल्यावरही काही दिवस लागतात. फॉरेक्स कार्ड बाजारहाट आणि रेल्वे तिकिटांसाठी उत्तम, अनामतीसाठी मात्र ते वापरू नये.

कार्ड वापरताना ओटीपीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. भारतातल्या व्यवहारांत त्याची सवय झाल्याने तो आल्याशिवाय पैसे जाणारच नाहीत असे वाटते. परदेशातील अनेक संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार पूर्ण होतो. म्हणून ‘फक्त खोली राखून ठेवण्यासाठी’ कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवण्याची विनंती आली तर ती नाकारावी, मग समोरचे गेस्टहाउस कितीही सज्जन वाटो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे २०२० पासून आंतरराष्ट्रीय वापर चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय प्रत्येक कार्डधारकाला मिळाली आहे. पैसे भरण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर तेवढ्या रकमेपुरता चालू करावा आणि रक्कम गेल्यावर लगेच बंद करावा.

पैसे भरताना पडद्यावर ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला, तर तो घेण्याआधी दर पाहावा. त्यात दडलेला विनिमय दर पुष्कळदा महाग असतो आणि विक्रेता परदेशात नोंदलेला असेल तर रुपयांत दिसणाऱ्या रकमेवरही काही भारतीय बँका वेगळा आकार लावतात. बहुतेक वेळा स्थानिक चलनात भरणे परवडते.

संकेतस्थळाच्या ताब्यातली रक्कम

आठ-दहा जणांच्या कुटुंबाने पहिल्यांदाच परदेशात घर घेताना मोठ्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि पैसेही तिथेच क्रेडिट कार्डाने भरावेत, असे मी सुचवेन. एअरबीएनबीवर पाहुण्याने भरलेली रक्कम मालकाला साधारणपणे पाहुणा घरात पोहोचल्यानंतर २४ तासांनी सुटते. म्हणजे त्या चार महिन्यांत पैसे मालकाकडे नसतात. दार उघडलेच नाही किंवा आत वेगळेच घर निघाले, तर मालकाकडे पैसे पोहोचण्याआधी तक्रार करण्याची संधी राहते. तिचा उपयोग करायचा तर पोहोचल्या दिवशीच, सामान उघडण्यापूर्वी, सगळ्या खोल्यांचे चित्रीकरण करावे आणि काही वावगे असल्यास लगेच संकेतस्थळाच्याच संदेशपेटीतून कळवावे. प्रवासाचा शीण असतो, मुले झोपेला आलेली असतात, हे खरे. तरीही ही दहा मिनिटे काढावीत.

सगळी संकेतस्थळे याच पद्धतीने चालत नाहीत. बुकिंग डॉट कॉमवर काही ठिकाणांची रक्कम संकेतस्थळ घेते आणि काही ठिकाणांची थेट ते हॉटेल किंवा घरमालक घेतो. दुसऱ्या प्रकारात पैसे मध्येच राखून ठेवणारे कुणी नसते. बुकिंग पक्के करण्यापूर्वीच्या पानावर ‘रक्कम कोण आकारणार’ आणि ‘कधी आकारणार’ या दोन ओळी असतात. बहुतेक जण त्या वाचत नाहीत आणि नेमके महत्त्वाचे तेवढेच त्यांत असते.

संकेतस्थळाच्या आत आलेला संदेशही आंधळेपणाने मानू नये. हॉटेलांची आणि घरमालकांची खाती चोरून त्यांच्याच संदेशपेटीतून ‘तुमचे कार्ड पडताळले गेले नाही, बारा तासांत या दुव्यावर माहिती भरा, अन्यथा बुकिंग रद्द होईल’ असे निरोप पाठवण्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत. त्यात आपले नाव, तारखा, बुकिंग क्रमांक सगळे अचूक असते. दुवा दाबण्याऐवजी ॲप बंद करून पुन्हा उघडावे आणि आपल्या बुकिंगच्या पानावर काही थकबाकी दिसते का ते पाहावे. संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. ‘https’ सारख्या सुरुवातीनंतर येणाऱ्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत यावे आणि तिच्या अगदी आधीचे शब्द पाहावेत. त्या संकेतस्थळाचा खरा मालक तिथे लिहिलेला असतो. ‘एअरबीएनबी’ हा शब्द पत्त्याच्या सुरुवातीला असून रेघेच्या आधी भलतेच नाव असेल, तर ते पान बनावट आहे.

यूपीआय, तिसऱ्याचे खाते आणि इतर वाटा

बालीतल्या घराचा ‘एजंट’ भारतातला यूपीआय क्रमांक देत असेल, तर व्यवहार तिथेच सोडावा. यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, मॉरिशस अशा काही देशांत पोहोचले आहे, पण परदेशी घरमालकाचे भाडे भारतातल्या तिऱ्हाइताच्या खात्यात भरण्याशी त्याचा काही संबंध नाही. अशी खाती पुष्कळदा थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेली असतात. शिवाय परदेशस्थ व्यक्तीसाठी कोणतीही रक्कम परवानगी असलेल्या मार्गाबाहेर देण्यास १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई आहे, त्यामुळे फसवणूक झाली नाही तरी आपणच अडचणीत येऊ शकतो. क्रिप्टो चलन किंवा गिफ्ट कार्डची मागणी आली, तर उत्तर देण्याचीही गरज नाही. पेपालवर पैसे भरायचे असतील तर ते वस्तू किंवा सेवेसाठी म्हणूनच भरावेत, कारण ‘मित्र-नातेवाईक’ म्हणून पाठवलेल्या रकमेला खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही.

स्थानिक प्रवास कंपनीची वाट मात्र कमी लेखू नये. राम मारुती रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये कार्यालय असलेल्या कंपनीकडून घर घेतले, तर थोडे अधिक पैसे जातात, पण वाद झाल्यास तो इथेच सोडवता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. वाशी-नेरूळकरांसाठी तो ठाणे जिल्ह्याचा आयोग, खारघर-पनवेलकरांसाठी रायगडचा. अट एवढीच, की पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यात भरावेत, मालकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर भरू नयेत, जीएसटीचे बिल घ्यावे आणि परदेशातल्या घराचा खरा पत्ता व बुकिंग क्रमांक लेखी घ्यावा.

कराबद्दल थोडक्यात. एलआरएसखाली पर्यटनासाठी पाठवलेल्या रकमेवर, आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेल्यास, वरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, कापला जातो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ७ लाखांची होती. टूर पॅकेजचे नियम वेगळे आहेत. केवळ निवासाचे बुकिंग म्हणजे पॅकेज नव्हे, हे प्राप्तिकर विभागाने २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पॅकेजचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला असल्यामुळे तो भरण्याच्या दिवशी विचारून घ्यावा. कापलेला टीसीएस विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

घर कायदेशीर आहे का

मालक खरा, घर खरे, पैसेही योग्य मार्गाने भरलेले आणि तरीही राहता येत नाही, असे घडू शकते, कारण अनेक शहरांनी अल्पकाळ भाड्यावर कडक बंधने घातली आहेत. आपल्याकडून पुष्कळ लोक जातात त्या सिंगापूरमध्ये खासगी निवासी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी आणि सरकारी गृहनिर्माणातली सदनिका सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. चार रात्रींचा फ्लॅट कुणी देऊ करत असेल, तर ती जाहिरातच बेकायदा आहे. जपानमध्ये जून २०१८ पासून अशा घरांना नोंदणी आवश्यक आहे आणि वर्षात १८० दिवसांची मर्यादा आहे. इटलीत २०२५ पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत देणे बंधनकारक झाले आहे. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी काळासाठी घर देताना यजमानाने स्वतः तिथे राहावे लागते आणि दोनपेक्षा अधिक पाहुणे ठेवता येत नाहीत, म्हणजे आठ जणांच्या मराठी कुटुंबाला संपूर्ण घर मिळणे तिथे जवळपास अशक्यच. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर दुसरे घर शोधावे.

व्हिसा येईपर्यंत

परदेशी लेखांत सहसा न येणारी, पण आपल्याला कायम भेडसावणारी गोष्ट म्हणजे व्हिसा. युरोपातील अनेक देशांसाठी एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी निवासाच्या बुकिंगचा पुरावा आधी द्यावा लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस आणि कधी ४५ दिवसांपर्यंत लागतात आणि नकार आला तर घरमालक त्याला जबाबदार नसतो. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारे बुकिंगच घ्यावे, मग ते दोन-चार हजारांनी महाग का असेना. रद्द करण्याची अंतिम वेळ त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असते. जपानमधली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची रात्री साडेआठची वेळ, तर इटलीतली मध्यरात्र उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेतीनला होते. जपानच्या बुकिंगसाठी ‘आज रात्री बारापर्यंत वेळ आहे’ असे समजून जेवण आटोपून बसलेल्या माणसाची मुदत केव्हाच टळलेली असते. परतावाही त्या दिवसाच्या विनिमय दराने येतो आणि बँकेचा मार्कअप बहुधा परत मिळत नाही, हे हिशेबात धरून ठेवावे.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर करावा आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणी बँकेला कळवावे. पैसे भारतातल्या खात्यात गेले असतील, तर पहिल्या काही तासांत ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता चांगली असते. परदेशी खात्यात गेलेल्या रकमेबाबत ही शक्यता पुष्कळ कमी होते, तरी बँकेला स्विफ्टद्वारे परतीची विनंती त्याच दिवशी पाठवायला सांगावे आणि त्या विनंतीचा संदर्भ क्रमांक घ्यावा. कार्डाने भरले असेल तर कार्ड बंद करून चार्जबॅकचा अर्ज द्यावा. संभाषण, ईमेल, जाहिरातीचे पान, खाते क्रमांक यांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत. समोरचा माणूस आपले संदेश पुसून टाकण्यापूर्वी हे व्हायला हवे. बँकेकडे लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते.

यानंतरच्या आठवड्यांत बहुधा आणखी एक फोन येतो. ‘तुमचे अडकलेले पैसे आम्ही सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असे कुणीतरी अत्यंत आदबीने सांगतो. कधी तो स्वतःला सायबर पोलीस म्हणवतो, कधी रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. १९३० वर तक्रार नोंदवायला शुल्क नाही आणि लोकपालाकडे दाद मागायलाही नाही, त्यामुळे शुल्काचा विषय निघताच फोन ठेवून तो क्रमांकही मूळ तक्रारीत जोडावा.